आधी ट्रायपॉड, मग दुर्बीण

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५ रोजी गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो असा : आकाशाचे फोटो काढायला सुरुवात करायची तर काय विकत घ्यावं? विषय मुलांनी सुचवला, पण त्यामागे मोठ्यांचं एक काम आहे. रौप्यमहोत्सवाचे कार्यक्रम संपल्यावर निधीत साठ हजारांच्या आसपास शिल्लक राहील असा खजिनदारांचा अंदाज आहे. त्यातून मुलांसाठी ‘एक मोठी दुर्बीण’ घ्यावी अशी सूचना आली असून जानेवारीच्या सभेत ती ठरावाला येईल. तेव्हा माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना खाली जाऊन मालिका बघायची आहे त्यांना जाता येईल. दुर्बीण जरूर घ्यावी, पण ती सगळ्यात शेवटी. आधी घ्यायच्या वस्तू वेगळ्या आहेत, आणि त्यातली एक तर विकत मिळतच नाही. ती म्हणजे या गच्चीची चावी.

आता कारणं सांगतो.

बाजारात पहिल्यांदा नजरेत भरते ती ‘६७५ पट मोठं दिसेल’ असं खोक्यावर छापलेली दुर्बीण. या आकड्यावर जाऊ नका. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याची दुप्पट करा. त्यापलीकडे कितीही वाढवलं तरी चित्र नुसतं मोठं आणि पुसट होत जातं. ७० मिलिमीटरची दुर्बीण म्हणजे फार तर १४० पट, तेही हवा शांत असेल तेव्हा. पटींच्या जाहिराती वाचून घेतलेल्या दुर्बिणी चार-सहा महिन्यांत माळ्यावर जातात. मूल हिरमुसतं, आईवडील म्हणतात ‘याला कशातच चिकाटी नाही’. खरं तर चिकाटी त्या खोक्यातल्या लटपटत्या स्टँडला नसते.

दुसरी गोष्ट. बघणं वेगळं आणि फोटो काढणं वेगळं. डोळा प्रकाश साठवत नाही, कॅमेरा साठवतो. गळक्या नळाखाली बादली ठेवली की थेंबाथेंबाने भरते ना, तसा कॅमेरा दहा सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं प्रकाश गोळा करत बसतो. अडचण एवढीच की बादली आणि नळ एका जागी राहत नाहीत. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं. चंद्राची रुंदी अर्धा अंश. म्हणजे दोन मिनिटांत आकाश एक अख्खा चंद्रभर पुढे जातं! डोळ्याला ते जाणवत नाही, फोटोत मात्र तारा ठिपका न राहता रेघ होतो. दुर्बीण जितकी जोरदार, तितकी ती रेघ लांब.

मी बत्तीस वर्षं इथल्याच एका कंपनीत टूलरूममध्ये काढली. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग यांवर हात काळे केले आहेत. तुम्हाला मी काय सांगू? मशीनचा बेड हलत असेल तर टूल कितीही महागाचं लावा, जॉबवर चॅटरच्या खुणा येणारच. आकाशाच्या फोटोत बेड म्हणजे ट्रायपॉड आणि त्यावरचा माउंट. म्हणून माझा पहिला नियम : शंभर रुपये असतील तर त्यातले निम्मे, ज्यावर कॅमेरा बसतो त्या वस्तूवर खर्च करा. उरलेल्यात काच.

आता पायऱ्या घेऊ. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काय करावं? मोबाइल तर प्रत्येकाकडे आहे. मोबाइल धरणारी पकड आणि एक साधा पण न डुलणारा ट्रायपॉड घ्या. बटण बोटाने दाबू नका, दोन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावा, कारण बोटाच्या धक्क्यानेच निम्मे फोटो बिघडतात. एवढ्यावर काय मिळतं? संध्याकाळी चंद्रकोर आणि शुक्र जवळ आले की येऊरच्या डोंगरासकट त्यांचा फोटो. अवकाश स्थानक डोक्यावरून जातं त्याची रेघ. तीस-तीस सेकंदांचे शंभरेक फोटो एकामागून एक काढून जोडले तर ताऱ्यांची वर्तुळं. नुसत्या मोबाइलने चंद्र मात्र पांढरा ठिपका येतो. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही, लेन्स फार लहान असते.

पुढची पायरी डीएसएलआर. नवा घेऊ नका, सेकंडहँड घ्या. फोर्टात बोरा बाजारला फिरलात तर पाच-सात वर्षं जुने, सुरुवातीच्या श्रेणीतले चांगले कॅमेरे मिळतात. घेताना लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दुकानदार कितीही ‘साफ होईल’ म्हणाला तरी ठेवून द्या. कॅमेऱ्याबरोबर १८-५५ ची साधी लेन्स येते. तिच्या जोडीला ५० मिलिमीटर, एफ/१.८ ची एक लेन्स घ्या. तिचं तोंड मोठं, किंमत बेताची, आणि ताऱ्यांसाठी तिच्यासारखी सोय नाही. शेवटी वायरचा रिमोट, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता फोटोमागून फोटो काढता येतात.

किती सेकंद उघडा ठेवायचा याचा ठोकताळा मुलांनी लिहून घ्या. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, म्हणून आधी मिलिमीटरला दीडने गुणायचं. १८ ची लेन्स असेल तर १८ गुणिले दीड २७, आणि ५०० भागिले २७ म्हणजे साधारण १८ सेकंद. ५० ची असेल तर साडेसहा सेकंद. याहून जास्त वेळ ठेवलं की ताऱ्याची रेघ दिसायला लागते. साडेसहा सेकंद म्हणजे फारच कमी वाटतात ना? म्हणून एक फोटो काढून थांबायचं नाही. तेच दृश्य पन्नास-शंभर वेळा टिपायचं आणि नंतर संगणकावर एकावर एक रचायचं. सोळा फोटो रचले की फोटोतली खरखर चौपटीने कमी होते. सिरिल, डीपस्कायस्टॅकर ही यासाठीची सॉफ्टवेअर फुकट आहेत. सोसायटीच्या ऑफिसातला संगणकही हे काम करेल, फक्त हिशेबाच्या दिवशी लावू नका.

चंद्राचं गणित आणखी सोपं. लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भागा, तेवढा मिलिमीटर चंद्र सेन्सरवर येतो. २५० ची लेन्स लावली तर सव्वादोन मिलिमीटर, हजाराची दुर्बीण लावली तर नऊ. सेन्सरची उंची साधारण १५ मिलिमीटर. पौर्णिमेच्या चंद्राला एफ/११, आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग हे माप धरून सुरुवात करा. आज वर बघा, चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा आहे. फोटोसाठी पौर्णिमेपेक्षा असाच चंद्र चांगला, कारण उजेड आणि अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं.

‘पण शहरात राहून काय दिसणार?’ असं पुष्कळ जण म्हणतात. आकाशाचा अंधार मोजायची बोर्टल नावाची मोजपट्टी आहे, एक ते नऊ. एक म्हणजे गडद काळोख, नऊ म्हणजे महानगराचा मध्य. आपण त्या शेवटच्या टोकाला आहोत. आकाशगंगेचा पट्टा या गच्चीवरून दिसणार नाही, आणि तो दाखवू असं कुणी दुकानदार म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पण चंद्र, ग्रह, ग्रहणं, कृत्तिकांचा पुंजका, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ यांना शहराच्या उजेडाने पूर्ण झाकता येत नाही.

पुण्याच्या प्रथमेश जाजू या मुलाचं उदाहरण घ्या. मे २०२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने काढलेला चंद्राचा फोटो देशभर गाजला. तो फोटो कुठल्या वेधशाळेतून नव्हे, पाच इंची दुर्बीण आणि १.२ मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरून काढलेला होता. १.२! आपल्या खिशातले मोबाइल पन्नास मेगापिक्सेलच्या गप्पा मारतात. त्याने चंद्राच्या एकेका तुकड्याचे व्हिडिओ घेतले, त्यांतून सुमारे पन्नास हजार फ्रेम निघाल्या, एकूण माहिती १८६ जीबी झाली आणि ती रचायला बरेच तास गेले. त्या साहित्यातली वजनदार वस्तू कुठली? आकाशाच्या गतीने फिरणारा माउंट. आणि तो ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा सभासद होता. १९४४ पासून पुण्यात हौशी मंडळींनी चालवलेली ही संस्था आहे. शिकवणारी माणसं आधी, साहित्य नंतर, हा क्रम तिथेही दिसतो.

उलट बाजूचं उदाहरणही पुण्याचंच आहे. १८८८ साली तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. वीस इंची आरशाची दुर्बीण, त्या काळातली देशातली सर्वांत मोठी. प्राध्यापक कावसजी नेगमवाला ती चालवायचे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते आपलं पथक आणि कॅमेरे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले आणि ग्रहणातल्या सूर्याच्या वर्णपटाचे फोटो घेऊन आले. म्हणजे आकाशाचे फोटो ही महाराष्ट्राला काल कळलेली गोष्ट नाही. पण १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला पाठवली गेली. एवढी मोठी दुर्बीण, पण एका माणसावर उभी होती. साठ हजारांच्या ठरावाला हात वर करताना ही गोष्ट आठवा. दुर्बीण कोण सांभाळणार, हे न ठरवता घेतलेली वस्तू वॉचमनच्या केबिनमागे जाऊन बसते.

आता आपल्या इस्टेटीचा फायदा. माउंट महाग असतो, पण त्याचा गरिबाघरचा भाऊ आपण इथे बनवू शकतो. दोन फळ्या, त्यांना जोडणारी एक मजबूत बिजागरी आणि एक एम-६ बोल्ट, बस्स. बिजागरीची कड ध्रुवाकडे रोखायची. बोल्ट फिरवला की वरची फळी हळूहळू उघडते आणि तिच्यावर बसवलेला कॅमेरा आकाशाबरोबर फिरतो. एम-६ चा पिच एक मिलिमीटर. बिजागरीपासून बोल्टचं अंतर बरोबर २२८.५ मिलिमीटर ठेवलं आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा दिला, तर फळी पृथ्वीच्या वेगानेच उघडते. घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर हाताने फिरवत राहायचं. ५० च्या लेन्सने साडेसहा सेकंदांऐवजी तीन-चार मिनिटं मिळतात! आपल्यातल्या एखाद्या फिटरला हे एका रविवारचं काम आहे. कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी रिंगसुद्धा, ४२ मिलिमीटर व्यास आणि ०.७५ पिचचा आटा, इथल्या कुठल्याही गाळ्यात लेथवर काढून मिळेल. बाहेर दुकानात जाण्याआधी आपल्या शेजाऱ्याला विचारा.

पण या फळ्यांना ध्रुव दिसायला हवा. ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाएवढी, म्हणजे ठाण्यात जेमतेम १९ अंश. हात लांब करून मूठ धरा, एक मूठ दहा अंश. दोन मुठींहून थोडा खालीच ध्रुव. आपल्या गच्चीपेक्षा साठ मीटर उंच टॉवर उत्तरेला १७० मीटरच्या आत उभा राहिला की ध्रुव गेला. किसननगरात क्लस्टरची कामं सुरू झाली आहेत, आजूबाजूच्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटची पत्रं पाठवताहेत, आपल्याकडेही तो विषय येईल. घरं मोठी व्हावीत ही सगळ्यांचीच इच्छा, माझीही. पण आज आहे तेवढं आकाश या मुलांच्या दहावीपर्यंत राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

दुर्बिणीविषयी दोन शब्द, कारण ती कधी ना कधी येणार आहेच. सहा किंवा आठ इंची डॉबसोनियन ही बघण्यासाठी उत्तम. पैशाच्या मानाने आरसा मोठा, बैठक जमिनीवर ठेवायची, आजीलाही शनी दाखवता येतो. चंद्र-ग्रहांचे फोटो आयपीसला मोबाइल लावून निघतात, पण मिनिटभर उघड्या ठेवलेल्या फोटोसाठी ती नाही. शिवाय बऱ्याच स्वस्त आरशाच्या दुर्बिणींना डीएसएलआर जोडला तर फोकसच येत नाही, हे दुकानात विचारून घ्यायचं. दुसरा प्रकार हल्ली निघालेल्या ‘स्मार्ट’ दुर्बिणींचा. ५० मिलिमीटरचं भिंग, आत कॅमेरा, माउंट, संगणक सगळं. मोबाइलवर नाव निवडायचं, ती स्वतः तारा शोधते, फोटो रचते आणि शहरातूनही तेजोमेघ दाखवते. ज्यांना वाकून आयपीसमध्ये बघता येत नाही त्यांना ती वरदान आहे. मुलांना मात्र मी आधी हाताने शिकवीन. पाढे आले की मग कॅल्क्युलेटर.

सूर्याबद्दल कडक सूचना. दुर्बीण, कॅमेरा किंवा दोन डोळ्यांची दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. एका क्षणात डोळा कायमचा जातो. सूर्याचा फोटो घ्यायचाच तर प्रमाणित सोलर फिल्टर भिंगाच्या पुढच्या बाजूला लावून, मोठं माणूस जवळ असताना. एक्स-रेची फिल्म, काळी काच चालत नाही.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश नसतं, दमट हवा असते, आणि मघाशी सांगितलेली बुरशी याच चार महिन्यांत धरते. कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवून देऊ नका. धान्याचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला सिलिका जेल, वर कॅमेरा. जेलचा रंग बदलला की तापवून वाळवायचं. दोनशे रुपयांचा डबा वीस हजारांची वस्तू वाचवतो.

तर माझा प्रस्ताव असा. साठ हजारांतून पहिल्या वर्षी एक जाड पायाचा ट्रायपॉड, एक सेकंडहँड डीएसएलआर, ५० ची लेन्स, रिमोट आणि १०×५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी. फळ्यांचा ट्रॅकर आपण बनवू. माझ्या अंदाजाने यात चाळीस हजारांच्या वर जाणार नाही. उरलेले पैसे बँकेत ठेवा. एक रजिस्टर करा : तारीख, कोण आलं, काय बघितलं, वस्तू कुणी परत ठेवली. किल्ली दोन मुलं आणि दोन मोठी माणसं यांच्या नावावर. वर्षात वीस संध्याकाळी नोंद झाली तर त्या पैशात भर घालून दुर्बीण घेऊ आणि ती कुठली घ्यायची हे तोपर्यंत मुलंच सांगतील. नोंद झाली नाही, तर संस्थेचे वीस हजार वाचले.

वर्षातून एकदा मुलांना वांगणीला घेऊन जाऊ. १९८५ साली सुरू झालेलं खगोल मंडळ तिथे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत आलं आहे. ठाण्याहून कर्जत लोकलने जाता येतं. बदलापूरकडच्या दिव्यांची झाक आता तिथेही पोचली आहे, तरी ज्याने फक्त इस्टेटचं आकाश पाहिलंय त्याला तिथे कळेल की तारे किती असतात.

या सगळ्याला पैसे न लागणारी एक गोष्ट लागते. गच्चीला दहा वाजता कुलूप लागतं आणि टाकीवरचा हॅलोजन रात्रभर जळतो. सुरक्षेसाठी ते केलंय, बरोबर आहे. पण महिन्यातले दोन शनिवार बारापर्यंत कुलूप उघडं असावं, त्या वेळी हॅलोजन बंद असावा आणि एरवी त्याला वरून पत्र्याची टोपी असावी, म्हणजे उजेड आकाशात न जाता पायाखाली पडेल. वीजबिलही थोडं उतरेल.

तारीख लिहून ठेवा : ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे आणि रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास पूर्ण झाकलेला, तांबूस चंद्र आपल्याला या गच्चीवरून दिसेल. ढग असण्याचा काळ नाही. थर्टीफर्स्टला तुम्ही सगळे इथेच असता. तोपर्यंत तीन वर्षं आहेत. सतरंजीवर बसलेली ही मुलं तेवढ्या वेळात शिकली, तर त्या रात्रीचा फोटो आपल्या सोसायटीचा असेल, मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेला नसेल.

जाता जाता एक गंमत. वायव्येला, येऊरच्या डोंगरावर, आता खाली उतरत आलेला तेजस्वी तारा दिसतोय तो अभिजित. तो आपल्यापासून २५ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आज डोळ्यांत शिरतोय तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा साल २००० होतं आणि आपली संस्था रजिस्टर होत होती. आपण टाकीचं पाणी, पार्किंग, लिफ्टचा मेंटेनन्स यावर भांडत होतो, तेव्हा तो सगळा वेळ प्रवासात होता.

भाषण झाल्यावर मी दोन डोळ्यांची दुर्बीण आणि माझा ट्रायपॉड तिकडे टाकीजवळ लावतो. आधी मुलं, मग ज्येष्ठ, मग कमिटी. डोक्यावर, जरा दक्षिणेला शनी आहे. या वर्षी त्याची कडी आपल्याकडे आडवी आली आहेत, चांगल्या दुर्बिणीतूनही रेघेसारखी दिसतात. पुढच्या काही वर्षांत ती उघडत जातील. नऊच्या सुमारास पूर्वेला गुरू उगवेल. ज्यांना ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायचंय त्यांनी आधी येऊन बघावं, मग जानेवारीत बोलावं. आणि सेक्रेटरीसाहेब, तेवढा हॅलोजन बंद करा.